प्रश्नाविना दिवस

“बाथरूम कुठं आहे?”

एवढंच विचारलं मी, आणि खोलीतल्या सहाही जणांची बोटं कीबोर्डवर जागच्या जागी थांबली.

खिडकीजवळची एक मुलगी उठली. भिंतीवर हिरवा फळा होता. शाळेत सुविचार लिहितात तसल्या टपोऱ्या अक्षरांत त्यावर लिहिलं होतं : ‘प्रश्नाविना दिवस – ११४’. तिनं डस्टर घेतलं, एकशे चौदा पुसले, तिथं भोपळ्याएवढं शून्य काढलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “लेख क्रमांक तीन हजार तीनशे सहा. डावीकडं, जिन्याखाली.”

“गेलं श्रीखंड,” मागून कुणीतरी उसासा सोडला.

एकशेपंचवीस दिवस भरले असते तर कंपनी श्रीखंड-पुरी देणार होती, हे मला दुपारी कळलं. अकरा दिवसांवर आलेलं श्रीखंड मी पहिल्या पाच मिनिटांत सांडलं होतं.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. कुपवाडच्या एमआयडीसीत, दूध थंड करायच्या टाक्या बनवणारी ती कंपनी. गावोगावच्या दूध संस्थांत या टाक्या बसवलेल्या असायच्या आणि त्या बिघडल्या की संस्थावाले जिथं फोन करायचे, ती आमची खोली. मी जतच्या अलीकडच्या एका गावातून, डिप्लोमाचं ताजं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले होते. पंधरा दिवस शिकायचं आणि पंधराव्या दिवशी एक खराखुरा फोन एकटीनं घ्यायचा. तो नीट मिटवला तर नोकरी पक्की, नाहीतर आल्या वाटेनं परत. परतीच्या वाटेवर आटपाडीचं एक स्थळ येऊन थांबलेलं होतं. अण्णा म्हणाले होते, “पंधरा दिवसांत पक्कं झालं तर रहा, सुवर्णा. न्हाई झालं तर मला त्यांना उत्तर द्यायला लागंल.” मुलगा वाईट नव्हता म्हणे. पण थांबलेलं स्थळ आणि मागं उभी राहिलेली एसटी, दोघांचा हॉर्न कानात सारखाच वाजतो.

आमच्या खोलीचे प्रमुख घैसास सर. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉम्प्युटर दिला, पासवर्डाची चिठ्ठी दिली. उंच, सडसडीत माणूस. शर्टाच्या खिशाला तीन पेनं आणि बोलताना डोळे पार छताला.

“कोळेकर, आपल्या कंपनीचं सगळं ज्ञान आत आहे. ‘ज्ञानकुंभ’. चार हजार तीनशे बारा लेख. पंधरा दिवस फक्त वाचायचं. कुणाला काही विचारायचं नाही. कारण ज्ञान माणसात साठलं, की ते नासतं.”

दुधासारखं का सर, असं अगदी ओठावर आलं होतं. फळ्यावरच्या शून्याकडं बघून गिळलं.

शून्य काढणाऱ्या मुलीचं नाव प्रज्ञा आवटी. डबा खाताना तिनं मला सगळी हकीकत सांगितली, मी काहीही न विचारता. न विचारता सांगायला बंदी नव्हती.

पूर्वी या खोलीत हसन मुलाणी नावाचे मिस्त्री बसायचे. हसनचाचा. एकोणतीस वर्षं. टाकी कुठलीही असो, फोनवर तिचा नुसता आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचे. सगळे त्यांनाच विचारायचे. एके वर्षी चाचांना कावीळ झाली, तीन आठवडे आले नाहीत, आणि कंपनीचा फोन नुसता वाजत राहिला. तेव्हा धाकट्या मालकांनी ठरवलं, चाचांच्या डोक्यातलं काढून कॉम्प्युटरात भरायचं. पुण्याहून एका एजन्सीचे दोघे आले. तीन महिने चाचांच्या समोर बसले. चाचा बोलले ते त्यांनी टाइप केलं, धुतलं, पुसलं, इस्त्री केली. त्यातून ज्ञानकुंभ झाला.

“आणि चाचा…” मी म्हणाले, आवाज शेवटाला चढू न देता.

प्रज्ञानं खिडकीबाहेर हनुवटीनं दाखवलं. अंगणापलीकडं पत्र्याची शेड होती. तिच्या दाराशी एक म्हातारा माणूस पाटावर बसून जुनी मोटर उघडत होता. डोक्यावर विणलेली टोपी, अंगात निळा डगला.

“परत आलेल्या मोटरी दुरुस्त करतात. त्यांचं सगळं आत आलेलं आहे ना. म्हणून त्यांना विचारायचं नाही.”

मग मी ज्ञानकुंभात उतरले. दिसायला तोंड केवढं थोरलं, आणि आत पाय टेकायला जागा नाही. पहिल्या दिवशी मी शोधायच्या चौकटीत ‘दूध’ असं टाकलं. उत्तर आलं : ‘या विषयावर एकही लेख नाही’. दूध थंड करणारी कंपनी, आणि दुधाचा पत्ता नाही! दोन दिवसांनी उलगडा झाला. आत दुधाला ‘द्रव उत्पादन’ म्हणत. माणसाला ‘वापरकर्ता’. म्हशीचा उल्लेख कुठंच नव्हता. द्रव उत्पादन आकाशातून पडत असावं.

नऊशे तीन क्रमांकाचा लेख होता ‘झाकण उघडणे’. नऊशे चार, ‘झाकण बंद करणे’. नऊशे पाच, ‘झाकण उघडे आहे की बंद हे ओळखणे’. दर दसऱ्याला मालकांना लेखांची संख्या सांगायची असे आणि ती मागच्या दसऱ्यापेक्षा पाचशेनं जास्त लागे, त्यामुळं झाकणाचा संसार असा वाढत गेलेला. प्रत्येक लेखाखाली विचारलेलं असे, ‘हा लेख उपयुक्त ठरला का?’ नऊशे पाचला दोनशे बारा जणांनी ‘हो’ म्हटलं होतं. आठवड्याला दहा ‘हो’ दाबायचे हे आमच्याच खोलीला नेमून दिलेलं काम होतं. पहिल्या शुक्रवारी मीही दाबले. झाकण ओळखण्यात मला खरोखर मदत झाली, असं मनाला समजावलं.

दिवस जात होते. फळ्यावर मी आल्यापासूनचा आकडा चढत होता आणि तो माझ्याच वयाचा होता. चौथा दिवस, तीन. नववा दिवस, आठ. प्रज्ञा आता माझ्याकडं बघून हसायला लागली होती.

दहाव्या दिवशी मला एक जुनी आवृत्ती सापडली. लेख क्रमांक सतरा, ‘वीजपुरवठा पूर्ववत झाल्यावर टाकी सुरू न होणे’. सगळ्यात जास्त फोन यायचे ते याच दुखण्याचे. लेख दोन ओळींचा : ‘बटन बंद करा. बटन चालू करा.’ त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘जुनी आवृत्ती’ असं होतं. सहज दाबलं. चाचा जसे बोलले होते तसं सगळं समोर आलं, आणि त्यावर एजन्सीवाल्यांची लाल काट.

‘लाइट गेली, आली. मशीन घुं करतंय, उठत नाही. घाबरू नका. बटन बंद करा. टाकीवर हात ठेवा, गरीब आहे ती. मग चहा टाका. बसून प्या, बशीतून, घाई नको. कप खाली ठेवला की बटन चालू करा.’

कडेला शेरा होता : ‘भावनिक मजकूर वगळला. पेयाचा उल्लेख अनावश्यक. सूचना सुटसुटीत केली.’

मला हसू आवरेना. बाहेर बघितलं तर चाचा शेडच्या दाराशी बसलेले, समोर बंद केलेली मोटर, हातात बशी. फुंकर घालत, मोटरीकडं बघत, एकेक घोट. रोज साडेदहाच्या सुमाराला हेच. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला चहाची तल्लफ एवढी, की ती कंपनीच्या ज्ञानातसुद्धा सांडली.

पंधरावा दिवस उजाडला. एप्रिलचं ऊन सकाळीच पत्र्यावर तडतडायला लागलेलं. फळ्यावर चौदा. घैसास सर माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, कानाला दुसरा हेडफोन, मांडीवर कागद, हातात लाल पेन.

“बारा मिनिटं,” ते छताला म्हणाले. “यादीतलेच प्रश्न. आणि शेवटी चौकटीत लेखाचा क्रमांक. क्रमांक टाकल्याशिवाय कॉल बंद होत नाही.”

सव्वादहाला फोन वाजला.

“हॅलो! कोण बोलतंय? मघाशी एक बाप्या होता, त्यानं सतरा म्हणून सांगितलं नि फोन ठिवला!”

“नमस्कार. मी सुवर्णा बोलतेय. आपलं नाव…”

“मी सुशीला मगदूम. बोरखडीच्या महिला दूध संस्थेची चेअरमन. साडेनऊला लाइट गेली नि लगीच आली. तवापास्नं टाकी नुसती घुं करतीया नि टक् करून बंद पडतीया. काय करू सांग बिगीबिगी.”

मी यादीतला पहिला प्रश्न वाचला. “आपल्या द्रव उत्पादनाचे सध्याचे तापमान किती आहे?”

“कशाचं?”

“द्रव उत्पादनाचं.”

“पोरी, आमी हितं दूध घालतो. तुझं ते द्रव का काय, ते आमच्याकडं न्हाई.”

मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. मी हळूच म्हणाले, “दुधाचंच, आक्का. दुधाचं तापमान.”

लाल पेननं कागदावर एक टिंब दिलं.

“अठरा. मघा सोळा हुतं. चढाय लागलंय बघ. एकाला टँकर येतो, नळी घालायच्या आधी तापमान बगतो. धाच्या वर असलं तर तसाच माघारी जातो. अकराशे लिटर हाय गं. त्रेपन्न घरांचं. आमच्या पारूची एकच म्हस, चार लिटरची. ती तर टाकीला टेकूनच बसलीया मघापास्नं.”

“बटन बंद करा आक्का. बटन चालू करा.”

घुं… टक्.

“लेख दोनशे बारा,” मी पानं उलटत होते. “विद्युतदाब तपासा…”

“तपासला. काटा हिरव्यात हाय.”

दोनशे बारानं मला सोळाशे चाळीसकडं धाडलं. सोळाशे चाळीस म्हणाला, वीजपुरवठा खंडित झाल्यानंतरच्या अडचणींसाठी लेख क्रमांक सतरा पाहा. मी पुन्हा सतराच्या उंबऱ्यावर उभी. घाण्याच्या बैलाला निदान तेल तरी गळताना दिसतं.

“बटन बंद करा आक्का, आणि पुन्हा…”

“अगं किती बारी? मी दाबलं. माझ्या हाताला गुण न्हाई म्हणून सरूबाईनं दाबलं. तिच्या लेकीनं दाबलं. अकरा जणींनी आळीपाळीनं दाबलंय. देवीच्या वटीला बायका लागत्यात तशा बटनाला लागल्यात! आता मशीन तापून वास माराय लागलंय.”

सात मिनिटं झाली होती. माझी नजर सतराच्या खालच्या बारीक अक्षरांवर गेली. जुनी आवृत्ती. बटन बंद करा आणि बटन चालू करा, या दोन ओळींच्या मधे एक मोठी मोकळी जागा होती, आणि त्या जागेत त्यांनी चहा काढून टाकला होता. का प्यायचा होता तो चहा? मला माहीत नव्हतं. चार हजार तीनशे बारा लेखांना माहीत नव्हतं. माहीत असलेला माणूस चाळीस पावलांवर पाटावर बसला होता.

मी फळ्याकडं बघितलं. चौदा. घैसास सरांकडं बघितलं. ते छताकडं बघत होते. आटपाडीचा हॉर्न कानात वाजला. आणि फोनमधून कुणीतरी बाई अगदी बारीक आवाजात म्हणाली, “माझं सकाळचं समदं ह्यातच हाय वं आक्का.” ती पारू असावी.

मी हेडफोन काढला, फोनची तार पुरेल तितकी ओढली आणि खिडकीतून अर्धी बाहेर वाकले.

“चाचा! ओ हसनचाचा! मशीन बंद केल्यावर चहा का प्यायचा?”

चाचांनी मान वर केली. बशी खाली ठेवली. ज्ञानकुंभ झाल्यापासून त्या खिडकीतून त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

“कुणाची टाकी?”

“बोरखडीच्या बायकांची. लाइट आल्यापासून घुं करतेय, उठत नाही. दाबून दाबून तापलीय.”

“अरे अल्ला! दाबू नको म्हण! हात काढ म्हण आधी!” ते उठूनच उभे राहिले. “लाइट अचानक जाती तवा गॅस पोटात एका अंगाला अडकून ऱ्हातो, बेटी. तो सम होईस्तर मोटर त्याला ढकलू शकत न्हाई. तिला दम खाऊ दे. एक चहा पिऊन हुईस्तर कुणी शिवायचं न्हाई. आणि आयता चहा न्हाई हां! चूल पेटवण्यापास्नं. आता तापलीया तर दोन चहा.”

माझ्या पाठीमागं डस्टर घासल्याचा आवाज आला.

मी हेडफोन कानाला लावला. “आक्का, बटन बंद करा. सगळ्या बायकांना बाजूला घ्या. आणि चहा ठेवा.”

पलीकडं सुशीलाक्कांचा आवाज चढला.

“काय ठेवा?”

“चहा. ताजा. सगळ्यांना पुरेल एवढा.”

“हितं दूध नासाय लागलंय, नि तू चहा पाजतीस व्हय गं आमाला? थट्टा करतीस? माझी सून पण एवढी थट्टा करत न्हाई माझी!”

“थट्टा नाही आक्का. टाकी दमलीय. तिला उभं राहायला वेळ पाहिजे. पण तुम्ही नुसत्या थांबणार नाही, दोन मिनिटांत कुणीतरी बटन दाबेल. म्हणून चहा. पिऊन झाल्याशिवाय बटनाला हात लावायचा नाही. माझी शपथ.”

“तुझी शपथ घालाय तू कोण माझी?” आक्का म्हणाल्या. पण मग त्यांचा आवाज वळला, “सरू, स्टो पेटव गं. साकर किती म्हणतीया ती?”

“घाला आक्का. जास्त घाला.”

बारा मिनिटं केव्हाच उलटली होती. पडद्यावर लाल पट्टी लुकलुकत होती. घैसास सर छताकडंच बघत होते. बहुधा या प्रसंगावरचा लेख आठवत असावेत. फोनमध्ये स्टोची फरफर ऐकू येत होती. भांडं आपटलं. कुणीतरी आलं ठेचलं. आणि त्या तेवढ्या जिवावरच्या वेळात एका म्हाताऱ्या बाईनं, टिंगल म्हणून की काय, आवाज लावला :

दमली माझी टाकी, तिला टेकू द्या जराशी
चहाला उकळी येई, बसा गं तिच्यापाशी

दुसरीनं तिच्या हातून ओवी घेतली :

दमली माझी टाकी, तिनं उभ्यानं सोसलं
अकरा गं हातांनी तिला बाईनं टोचलं

बायका हसायला लागल्या. मग बशांचे फुर्र फुर्र आवाज. आयुष्यात मी इतकं कान देऊन कुणाचं चहा पिणं ऐकलेलं नाही. एक चहा झाला. मी म्हटलं, अजून एक. दुसरा चहा झाला.

“कप खाली ठेवले?”

“ठिवले.”

“सगळ्यांनी?”

“पारू अजून पितीया. पारू, आटप की गं! …हं. ठिवला.”

“आता दाबा.”

घुं…

मी डोळे मिटले.

…ऊंऊंऊं. तो आवाज तुटला नाही. चढत चढत गेला आणि एका सुरावर येऊन घरच्यासारखा बसला. त्याच्यावर त्रेपन्न घरांचा गलका उसळला. कितीतरी वेळानं आक्कांचा आवाज आला, “चाललीया गं बाय. चाललीया. नाव काय म्हणालीस तुझं?”

मी नाव सांगितलं. पण ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

सव्वाएकला त्यांचा पुन्हा फोन आला. नऊ अंश. टँकरनं नळी घातली होती.

तोवर माझा निकाल लागला होता. घैसास सरांनी कागद पुढं केला. त्यावर लाल शाईनं गोवर उठल्यासारखं झालेलं. “कोळेकर, यादीबाहेरचं बोललात. वेळ ओलांडली. आणि माणसाला विचारलंत. दूध वाचलं हे चांगलंच आहे, पण ते कुठल्या लेखानुसार वाचलं? क्रमांक?”

“सतरा, सर. जुनी आवृत्ती.”

“जुनी आवृत्ती ग्राह्य नाही. उद्यापासून येऊ नका.” मग ते थोडं खाली बघून, खरोखर वाईट वाटल्यासारखं म्हणाले, “आवटी, यांचं नाव काढा.”

प्रज्ञानं नाव काढायचं बटन दाबलं. पडद्यावर आलं : ‘या कर्मचाऱ्याचा कॉल चालू आहे. नाव वगळता येणार नाही.’

सरांनी स्वतः दाबलं. तेच. त्यांनी ज्ञानकुंभ उघडला. नावं वगळण्यावर लेख होता, दोन हजार अठ्ठ्याऐंशी : ‘चालू कॉल असलेल्या कर्मचाऱ्याचे नाव वगळण्यासाठी प्रथम कॉल बंद करावा. कॉल बंद करण्यासाठी लेख क्रमांक भरावा.’ चहाचा लेख तर नव्हता. मग तो लिहायला हवा. कोण लिहिणार? ज्याचा कॉल त्यानं लिहावा, असा नियम. म्हणजे मला काढून टाकायचं तर आधी मला ठेवणं भाग होतं.

त्या दिवशी मी लेख क्रमांक चार हजार तीनशे तेरा लिहिला. ‘बटन बंद करा. चहा करून प्या. बटन चालू करा.’ लेखकाच्या चौकटीत ‘हसन मुलाणी’ टाकलं. उत्तर आलं : ‘या नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नाही.’ मी खिडकीतून बघितलं. अस्तित्वात नसलेला वापरकर्ता बशी धूत होता.

लेख समितीकडं गेला. समितीत प्रश्न निघाला, चहा ही कृती धरायची की साहित्य? कृती असेल तर मोजता आली पाहिजे, साहित्य असेल तर पुरवायला लागेल. चहा न पिणाऱ्या वापरकर्त्यानं काय करावं? गुळाचा चालेल का? एका चहाला नेमका किती वेळ लागतो हे ठरवायला उपसमिती नेमली. त्यांनी मीटिंगच्या खोलीत आठवडाभर घड्याळ लावून चहा घेतला आणि प्रत्येकाचा आकडा निराळा आला, कारण अकाउंटचे बापट बोलत बोलत पितात. एका सदस्यानं सुचवलं, चहाऐवजी ‘योग्य विश्रांती कालावधी’ लिहू. दुसरा म्हणाला, योग्य म्हणजे किती? पुन्हा चहा मागवला.

अण्णा फोनवर विचारायचे, “पक्कं झालं का गं?”

“कॉल चालू आहे तोवर आहे, अण्णा.”

“कवा बंद व्हायचा?”

“समिती चहा घेतेय.”

अण्णांना काय समजलं कुणास ठाऊक. दोन महिन्यांनी आटपाडीची एसटी, हॉर्न न वाजवता, निघून गेली.

आणि फोन येऊ लागले. बोरखडीच्या बायकांनी शेजारच्या संस्थेला सांगितलं, त्यांनी पुढच्या. “ती चहावाली बाई हाय का? तिलाच द्या.” घैसास सर आधी सांगून बघायचे, इथं असं कुणी नाही. पलीकडून उत्तर यायचं, मग आमी थांबतो. हळूहळू प्रज्ञाही खिडकीशी जायला लागली. मग पाठोपाठ सगळेच. एकदा खुद्द सर उभे दिसले, छताऐवजी अंगणाकडं बघत, “मुलाणी, जरा हे कर्कर वाजतंय ते काय असेल?” असं हळूच विचारताना. फळ्यावरचं शून्य तसंच राहिलं. ते बदलायला सवड कुणाला होती?

चार हजार तीनशे तेरावा लेख आजही ‘परीक्षणाखाली’ आहे. मधे कॉम्प्युटर तीनदा बदलले, ज्ञानकुंभाचं नाव दोनदा बदललं, धाकटे मालक थोरले झाले. बोरखडीचा कॉल काही बंद झाला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचे दिवस अजून मोजले जातात. कागदोपत्री मी त्या एप्रिलमधल्या परीक्षेतच बसलेली आहे.

चाचा निवृत्त झाले त्या दिवशी मी दोन कप घेऊन शेडमध्ये गेले. समोर एक जुनी मोटर होती, शेवटची. नुकतीच बंद केलेली, अंग अजून गरम. आम्ही पाटावर बसलो.

“चाचा, तेव्हा त्या पुण्याच्या लोकांना सरळ का नाही सांगितलंत, की दहा मिनिटं थांबा म्हणून? चहा कशाला?”

चाचांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली.

“एकोणतीस वर्षं सांगून बगितलं, बेटी. दहा मिनिटं थांबा म्हटलं तर कुणी थांबत न्हाई. समोर मशीन बंद, दूध तापत चाललेलं, माणसाला धीर कुठनं असणार? तीन मिनिटांत दाबतोच. चहा पी म्हटलं, की बसतो. हात गुंततो. गुंतलेला हात बटनाकडं जात न्हाई.” एक घोट घेतला. “ते मी मशीनसाठी सांगितलंच नव्हतं. माणसासाठी सांगितलं होतं. त्यांनी तेवढंच नेमकं काढलं.”

ऊन पत्र्यावरून उतरत होतं. खिडकीतून आमच्या खोलीतले फोन वाजत असलेले ऐकू येत होते. माझी बशी रिकामी झाली. मोटरीच्या बटनावर मी बोट ठेवलं.

“आता, चाचा?”

त्यांनी मोटरीच्या अंगावर हात ठेवला होता, पोरक्या वासराच्या पाठीवर ठेवावा तसा.

“थांब,” ते म्हणाले. “माझे दोन घोट ऱ्हायलेत.”